गुलबर्ग्याकडं पाठ

पहिल्या नोकरीत माझा हुद्दा ‘गणक’ असा होता. कारखान्याच्या शेठनी नेमणुकीच्या कागदावर तो शब्द हौसेनं घालून घेतला होता, आणि तो ऐकून आमच्या आईनं कपाळाला हात लावला. आमच्या घरी कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असायची. आई म्हणाली, ‘‘गणक? हंगंदर एनवा? म्हणजे पंचांग घेऊन बाजारात बसायचं का आता?’’

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. मी तिला समजावलं, की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अँटेनाचा कारखाना निघालाय, तिथं तारांचं गणित करायचं आहे.

आईनं जरा विचार केला. ‘‘तारेचं कसलं गं गणित? तार लांब असती, नाहीतर आखूड असती.’’

पुढं त्या नोकरीत मी जे काही केलं, त्यातलं निम्मं या एका वाक्यात येतं. उरलेलं निम्मं सांगते.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. गुलबर्ग्याला टीव्हीचं केंद्र सुरू झालं आणि सोलापुरात ज्यांना परवडत होतं त्यांनी टीव्ही आणले. चित्र मात्र कुणाच्याच टीव्हीत नव्हतं. गुलबर्गा लांब. तिथून निघालेल्या लाटा सोलापुरात पोचेपर्यंत पार थकलेल्या असायच्या. पेठेतल्या एका सराफाच्या घरी मी पहिल्यांदा टीव्ही पाहिला, तेव्हा पडद्यावर नुसती मुंग्यांची जत्रा भरली होती आणि घरची सगळी मंडळी ती मन लावून बघत होती. मध्येच कुणीतरी ओरडायचं, ‘‘तो बघा, माणूस!’’ आणि बाकीचे म्हणायचे, ‘‘कुठाय? कुठाय?’’

राजय्या शेठना यात धंदा दिसला. त्यांचं घराणं तेलुगू विणकरांचं, यंत्रमागावर टॉवेल काढणारं. शेडच्या अर्ध्या भागातले माग त्यांनी हलवले आणि तिथं अँटेने करायला घेतले. त्यांच्या थोरल्या भावाला हे अजिबात पसंत नव्हतं. थोरले शेठ रोज सकाळी शेडच्या दारात उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, ‘‘टॉवेल सगळ्यांना लागतो. अंग कुणाचं ओलं होत नाही की काय?’’ शेवटी दोघा भावांत ठरलं, की दसऱ्याच्या आधी गावोगावचे रेडिओ विकणारे व्यापारी बोलवायचे आणि त्यांना चित्र दाखवायचं. दिसलं तर अँटेना, नाही दिसलं तर माग परत जागेवर. माग जागेवर आले की आम्ही तिघं रस्त्यावर: दीक्षित सर, इस्माईल मिस्त्री आणि मी.

दीक्षित सर इंजिनिअर. एका मोठ्या संस्थेत तारांच्या अँटेनावर प्रबंध लिहीत होते, तिथं मार्गदर्शकांशी भांडून, प्रबंध अर्धवट टाकून सोलापूरला परत आले होते. उंच आणि किरकोळ. बोलायच्या भरात दोन्ही हात पसरायचे तेव्हा माणूस कुठला आणि अँटेना कुठला, असा प्रश्न पडायचा. इस्माईल मिस्त्रींचं काम पाईप कापायचं, भोकं पाडायचं, अँटेना जोडून खांबावर चढवायचं. माणूस अतिशय आज्ञाधारक. हा त्यांचा गुण होता, आणि त्यानंच पहिला घोटाळा झाला.

घोटाळा समजायला आमचं काम थोडं समजावं लागेल. छतावरचा अँटेना म्हणजे आडव्या दांडीवर बसवलेल्या काही धातूच्या नळ्या. लाट येऊन नळीवर आदळते आणि नळीत वीज सरसरते. पण सगळ्या नळीत सारखी नाही. मध्यभागी जास्त, टोकाला जवळजवळ नाहीच. शिवाय एका नळीतली वीज शेजारच्या नळीला डिवचते, शेजारची उलट हिला डिवचते. कुठं किती वीज आहे हे कळलं, तरच अँटेना कुठल्या दिशेचं चांगलं ऐकतो ते कळतं. आणि ते थेट सांगणारं एकही सूत्र जगात नाही. मग काय करायचं, तर नळीचे कल्पनेत लहान लहान तुकडे करायचे. एकेका तुकड्यात वीज एकसारखीच आहे असं धरायचं. ती किती, ते माहीत नाही, म्हणून तिला अक्षर द्यायचं. मग प्रत्येक तुकड्यापाशी उभं राहून लिहायचं, की बाकीचे सगळे तुकडे मिळून इथं काय करतात. जितके तुकडे तितकी समीकरणं. ती सोडवली की वीज हातात.

हे सरांनी शेठना समजावलं तेव्हा मी तिथंच होते. सर म्हणाले, ‘‘समजा, एका घरात खूप माणसं आहेत. कोण किती बोलतंय ठाऊक नाही. पण प्रत्येकाच्या कानावर काय पडतंय ते ठाऊक आहे. त्यावरून कोण किती बोलतंय ते काढायचं.’’

शेठ म्हणाले, ‘‘आमच्या घरात बावीस माणसं हायत. ऐकतं कोण?’’

तर तो घोटाळा असा. एका सकाळी सर शेडमध्ये उभे राहून मला सांगत होते, ‘‘बाई, आपण प्रत्येक पाईपचे पाच तुकडे करू. अगदी सारखे. पाच पुरतील.’’ मी मान हलवली आणि दोघंही कार्यालयात जाऊन बसलो. संध्याकाळी बाहेर आलो तर इस्माईल मिस्त्री घामाघूम होऊन बसलेले आणि त्यांच्या पुढं वीतभर तुकड्यांचा डोंगर. कारखान्यात आलेला सगळा माल त्यांनी कापला होता. एकेका पाईपचे पाच, अगदी सारखे.

शेठ आले, त्यांनी एक तुकडा उचलला, डोळ्याला लावून आरपार बघितलं. ‘‘अय्यो! हे काय? बासरीचं दुकान काढलं का?’’

मिस्त्री म्हणाले, ‘‘सर बोले पाँच टुकडे करो, मैं करा. कागद पे करना बोलके मेरेकू कौन बोला?’’

त्या तुकड्यांचं पुढं काय काय झालं विचारू नका. आमच्या घरी आईनं दोन वर्षं त्यातल्या एकानं पोळ्या लाटल्या.

माल गेला म्हणून शेठनी घाईनं नवीन माल उचलला. मुंबईच्या कुठल्याशा थिएटरचे पडदे बदलले होते, त्यांच्या दांड्या. अ‍ॅल्युमिनियमच्याच, पण मनगटाएवढ्या जाड. सर म्हणाले, ‘‘शेठ, जरा जाड होतायत.’’ शेठ म्हणाले, ‘‘मग चांगलंच की. पक्षी बसला तरी वाकणार नाही.’’ सरांनी वहीत नवी जाडी लिहून घेतली आणि मला म्हणाले, ‘‘बाई, पहिल्यापासून.’’

माझ्याकडं हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. लोखंडी, काळं, शिवणयंत्राच्या डोक्याएवढं. खुंट्या सरकवून आकडा बसवायचा आणि हँडल पुढं फिरवलं की बेरीज, मागं फिरवलं की वजाबाकी. भागाकार करताना जास्त वेळा वजा झालं की आतली घंटा वाजायची, म्हणजे एक फेरा परत घ्यायचा. तीन नळ्या, प्रत्येकीचे पाच तुकडे. डावीउजवी बाजू सारखीच, म्हणून अज्ञातं नऊ. पण विजेला प्रत्येक ठिकाणी दोन भाग, एक वास्तव आणि एक काल्पनिक, म्हणून अठरा. अठरा समीकरणांतून एकेक अक्षर हुसकत खाली यायचं, शेवटी एकच उरतं, मग त्याचा हात धरून पुन्हा वर चढायचं. प्रत्येक ओळीची बेरीज शेवटच्या रकान्यात वेगळी चालवायची, ती जुळली नाही तर कुठंतरी घसरलो असं समजायचं. शेठना काल्पनिक भागाचं फार दुःख होतं. ‘‘जे नाहीच त्याला बाई एवढा वेळ का लावतात?’’ असं ते सरांना एकांतात विचारायचे. एकांत म्हणजे माझ्या टेबलापासून दोन पावलांवर.

शेडच्या उरलेल्या भागात माग चालू होते, आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका जेवायच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी बसायच्या. त्यांच्यात नरसाबाई म्हणून एक होत्या. त्यांनी एक दिवस मला विचारलं, ‘‘बाई, तुम्ही गणक ना? माझ्या पोरीला बार्शीचं स्थळ आलंय. यंत्रावर बघा की जरा.’’

मी म्हणाले, ‘‘नरसाबाई, हे यंत्र तसलं नाही.’’

‘‘असूद्या. फिरवा की.’’

मी त्यांच्या समाधानासाठी हँडल फिरवलं. आत माझाच अर्धवट भागाकार होता, घंटा वाजली. नरसाबाईंनी तिथल्या तिथं यंत्राला हात जोडले. पोरीचं लग्न ठरलं, आणि थाटात झालं. मग काय विचारता! जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी रांग लागायला लागली. कुणाचा मुलगा पास होईल का, कुणाची म्हैस यंदा तरी गाभण राहील का. सर भडकले. ‘‘इथं विज्ञान चालू आहे!’’ असं ओरडून त्यांनी रांग पांगवली. त्यानंतर आठवडाभरानं मी खाली मान घालून आकडे मांडत होते, तर सर टेबलाजवळ घुटमळले आणि हळूच म्हणाले, ‘‘बाई, ती घंटा… त्या दिवशी नेमकी कशामुळं वाजली?’’

मी म्हणाले, ‘‘वजाबाकी जास्त झाली म्हणून, सर.’’

‘‘हो, ते तर आहेच,’’ सर म्हणाले, आणि गेले. त्यांचंही तेव्हा कुठंतरी जमवायचं चाललं होतं.

उत्तर आलं तेव्हा मी दोन दिवस ते सरांना दाखवलं नाही, कारण ते खुळचट होतं. छतावरच्या अँटेनात मागची नळी सगळ्यात लांब असते आणि पुढची आखूड. आखूड बाजू केंद्राकडं करायची, हा नियम. सरांच्या परदेशी पुस्तकात तसंच होतं, चित्रासकट, आणि नळ्यांची लांबी आम्ही त्याच पुस्तकातून घेतली होती. माझं गणित मात्र सांगत होतं, की हा अँटेना पुढचं ऐकतच नाही. त्याला मागचं ऐकू येतं.

शेवटी दाखवलं. सरांनी बघितलं आणि हसले. ‘‘बाई, चिन्ह चुकलं कुठंतरी. अधिकचं उणे झालंय.’’

मलाही तसंच वाटत होतं. मी पुन्हा केलं. उत्तर तेच. मग सरांनी स्वतः केलं, शर्टाच्या बाह्या सारून, हँडल इतक्या जोरात फिरवून की मिस्त्री बघायला आले. उत्तर तेच. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. पुस्तक जाड कागदावर छापलेलं, कापडी बांधणीचं. आमचं उत्तर पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीनं. सर म्हणाले, ‘‘दोघांचीही एकच चूक होतेय. डोळा ठरून जातो एकेकदा.’’ आणि आम्ही पुस्तकाप्रमाणं अँटेना करायला दिला. दुसरं काही करायला वेळही नव्हता, कारण शेठनी व्यापाऱ्यांना बोलावणी धाडली होती.

त्या संध्याकाळी कारखान्याच्या पटांगणात सतरंज्या घातल्या. टेबलावर टीव्ही, त्याच्यावर टॉवेल, टॉवेल आमचाच. करमाळ्याचे एक व्यापारी आले, बार्शीचे आले, मोहोळचे आले. सांगोल्याहून बिरा मेटकरी आले. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं. गावात रेडिओचं दुकान होतं, पण घरची मेंढरं दोनशेच्या वर, आणि जीव सगळा तिकडंच. थोरले शेठ खुर्ची घेऊन मुद्दाम पुढं बसले. सोबत माग जोडणारा फिटरही आणला होता. तो पाना घेऊनच आला होता.

मिस्त्री वर, शेडच्या छतावर खांबापाशी. अँटेनाची आखूड बाजू गुलबर्ग्याकडं. सरांनी टीव्ही लावला. मुंग्या.

सरांनी बटणं फिरवली. मुंग्या डावीकडून उजवीकडं जायला लागल्या.

‘‘नवीन सेट आहे, जरा तापू द्या,’’ सर म्हणाले. सगळे सेट तापायची वाट बघत बसले. सेट तापला, थोरले शेठ तापले, करमाळ्याच्या व्यापाऱ्यांनी घड्याळ बघितलं. ‘‘यष्टी निघून जाईल हो आमची,’’ ते म्हणाले. चहा झाला. मुंग्या तशाच.

थोरले शेठ उठले. त्यांनी फिटरला खूण केली. राजय्या शेठांचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता रडणार. पण ते रडले नाहीत. वर तोंड करून त्यांनी आरोळी दिली, ‘‘मिस्त्री! काढा ते खाली!’’

मिस्त्रींनी लगेच पाना लावला. पट्टी सैल झाली. अँटेना दोन्ही हातांनी धरून ते खाली उतरायला वळले. वळले, म्हणजे अँटेनाही वळला, आणि टीव्हीतून एक माणूस खणखणीत कानडीत बोलायला लागला.

पडद्यावर माणूस होता. त्याला नाक होतं, चष्मा होता, शर्टाला खिसा होता आणि खिशात पेन होतं.

पटांगणात सगळे एकदम ओरडले. मिस्त्रींना वाटलं, आपल्याला घाई करायला सांगतायत. ते शिडीवर एक पायरी उतरले. माणूस गेला, मुंग्या आल्या.

‘‘थांबा!’’ सर किंचाळले. ‘‘वर! परत वर!’’

मिस्त्री परत वर. माणूस आला.

‘‘हलू नका! श्वास पण हळू घ्या!’’

‘‘कब तक?’’ वरून आवाज आला.

‘‘कार्यक्रम संपेपर्यंत!’’

तसे ते उभे राहिले, अँटेना छातीशी धरून. आखूड बाजू मोहोळकडं, लांब बाजू गुलबर्ग्याकडं. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी सरांकडं. दोघांच्याही मनात तेच होतं, आणि बोलायची सोय नव्हती, कारण मेटकरी मध्येच म्हणाले, ‘‘बाई, त्यो मानूस मेंढराचं कायतर सांगतुया. काय म्हनतुया त्यो?’’

खरंच, चष्मेवाल्याच्या मागं मेंढ्या उभ्या होत्या. जमलेल्यांत कानडी येणारी मी एकटीच. शेठ म्हणाले, ‘‘बाई, सांगा की त्यांना.’’ मी टीव्हीशेजारी उभी राहिले. पण आमचं कानडी घरातलं, चुलीपुढचं. चष्मेवाल्याचं पुस्तकी. मी जमेल तसं ओढत गेले. मेंढरं लंगडतात, खुराच्या बेचक्यात जखम होते, असं म्हणतोय. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं उपाय सांगायला घेतला आणि म्हणाला ‘मैलुतुत्त’. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मैल म्हणजे मैल. तुत्तु म्हणजे घास. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, ‘‘मेंढराला एक मैल चालवायचं, आणि मग एक घास द्यायचा.’’

मेटकरी फेटा सारखा करत म्हणाले, ‘‘लंगड्या मेंढराला?’’

‘‘असं म्हणतोय तो.’’

‘‘मैलभर?’’

‘‘व्हय.’’

‘‘खुळा हाय का काय त्यो!’’ असं म्हणून मेटकरी उठले आणि टीव्हीच्या अगदी पुढं जाऊन उकिडवे बसले, त्या माणसाला जाब विचारायला बसावं तसे. पडद्यावर कुणीतरी पाट्यावर खडे कुटत होतं, मग ते पाण्यात टाकत होतं, मग मेंढीचा पाय त्यात बुडवत होतं. मेटकरी बघत राहिले. मग मागं वळून एकदम हसायला लागले. ‘‘अवं बाई, मोरचूद हाय त्यो! मोरचुदाच्या पान्यात खूर बुडवा म्हनतुया! ह्ये बगा खडं. आमच्या थोरल्या मेंढ्याला ह्येच करतुया आमी!’’

सगळं पटांगण हसायला लागलं. मीही. पण करमाळ्याचे व्यापारी हसत नव्हते. त्यांनी बार्शीवाल्यांना कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे बाईला भाषा येऊन कळलं नाही, आणि यांना नुसतं बघून कळलं. खडा ओळखू आला राव, खडा. इतकं साफ चित्र मी पुण्यात नाही बघितलं.’’

मेटकरींनी तिथल्या तिथं पाच अँटेने सांगितले. करमाळ्यानं दहा. थोरल्या शेठनी फिटरला हळूच सांगितलं, ‘‘जा बाबा तू,’’ आणि खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली. मेंढ्यांनंतर भुईमुगावरचा कार्यक्रम लागला, तोही त्यांनी शेवटपर्यंत बघितला. आणि वर इस्माईल मिस्त्री अँटेना छातीशी धरून उभेच होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, ‘‘मेरेकू बी कोई बताओ, क्या दिखरा?’’ तेव्हा नरसाबाई शिडी चढून वर गेल्या आणि त्यांना चहा पाजून आल्या. कप त्यांनीच धरला.

लोक पांगल्यावर सर मला म्हणाले, ‘‘बाई! आपण बरोबर होतो!’’ आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. तीनदा काढलेलं उत्तर तीनदा नाकारून आम्ही बरोबर होतो. झालं होतं ते असं. पुस्तकातल्या नळ्या बारीक. आमच्या नळ्या पडद्याच्या दांड्या. जाड नळी लाटेला तिच्या मापापेक्षा लांब भासते. म्हणून पुढची आखूड नळी, जिनं लाट आत ओढायची, तीच लाटेला परतवत होती, आणि मागची लांब इतकी लांब भासत होती की तिचं असणं नसणं सारखंच. गणिताला आम्ही जाडी सांगितली होती, त्यानं ती धरली. पुस्तकाला कुणी सांगितलीच नव्हती.

सरांनी लगेच नवी मापं मांडायला घेतली, म्हणजे अँटेना सरळ होईल. शेठनी कागद काढून घेतला. ‘‘सर, चालतंय ना? मग हात लावायचा नाही. उलटा तर उलटा.’’ आणि आमचा कारखाना पाठमोरे अँटेने विकायला लागला.

त्यानं जे काही झालं ते सांगायला वेगळं पुस्तक लागेल. अँटेना कसा बसवायचा हे तोवर सगळ्या जगाला कळलं होतं, आमचा सोडून. खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘आखूड बाजू केंद्राच्या उलट’. लोकांना ती छपाईची चूक वाटायची. शेजारी हसायचे, गिऱ्हाईक लाजायचं, आणि लाजून तो सरळ करायचं. मग तक्रार. मग मिस्त्री सायकलवरून जाऊन तो उलटा करायचे. एका मास्तरांनी चित्र येतंय हे बघूनसुद्धा अँटेना सरळ करून घेतला, म्हणाले, ‘‘पोरांपुढं चुकीचं उदाहरण नको.’’

सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक होटगीचं. रेल्वेतले एक गार्डसाहेब, बदलून आलेले, मूळचे पुण्याचे. त्यांनीही अँटेना नेहमीसारखा, म्हणजे आमच्या हिशेबानं उलटा, बसवला होता. गुलबर्गा दिसेना म्हणून तक्रार आली. मी आणि मिस्त्री गेलो. मिस्त्री अँटेना फिरवायला खांबावर चढले, तर गार्डसाहेबांनी त्यांचा पाय धरला. ‘‘नको! हात लावू नका!’’

‘‘अहो, तक्रार तुमचीच आहे ना?’’ मी म्हणाले.

‘‘ती जुनी. काल संध्याकाळी पुणं आलं होतं. मराठी बातम्या! थोडाच वेळ, पण आल्या. बातम्या देणारी बाई नमस्कार म्हणाली हो.’’

हवेत कधीमधी असं होतं, लाट लांबवर घसरत येते. आमचा अँटेना गुलबर्ग्याऐवजी पुण्याकडं कान लावून बसला होता, त्यानं ती पकडली. मी सांगितलं, की हे पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. वर्षानंही होईल, कधीच होणारही नाही. अँटेना फिरवला तर गुलबर्गा रोज दिसेल.

‘‘रोजचं घेऊन काय करू?’’ ते म्हणाले. ‘‘मला कानडी कुठं येतं?’’

पुढं त्या बाजूला गेलं की आम्ही त्यांच्याकडं डोकावायचो. ड्यूटी नसेल त्या संध्याकाळी गार्डसाहेब गणवेश उतरवून, स्वच्छ शर्ट घालून मुंग्यांसमोर बसलेले असायचे. मिस्त्रींना एकदा राहवलं नाही, त्यांनी विचारलं, ‘‘साब, पूना आया क्या?’’ ते म्हणाले, ‘‘आज नाही. पण आज जरा स्वच्छ मुंग्या आहेत.’’

मग काही वर्षांनी सोलापुरातच प्रक्षेपण सुरू झालं. चित्र इतकं जवळून यायला लागलं, की तारेचा हुक लावला तरी दिसायचं. अँटेनाला गणित लागेना. शेठनी माग परत आणले, आणि थोरल्या शेठनी, मान्य करायला हवं, एकदाही टॉवेलाचा विषय काढला नाही. दीक्षित सर बंगळूरला गेले, तिथं म्हणे एक मोठा संगणक होता, अठरा समीकरणं तो पापणी लवायच्या आत सोडवायचा. निघताना सर म्हणाले, ‘‘तिथं चूक शोधायला वेळच मिळणार नाही, बाई.’’ त्यांच्या आवाजात आनंद होता की काळजी, ते मला कळलं नाही. इस्माईल मिस्त्री मागांवर गेले. मी विम्याच्या कचेरीत अर्ज केला.

मुलाखतीला तीन साहेब होते. मधल्यांनी विचारलं, ‘‘आधी काय करत होता?’’

‘‘तारेत किती वीज आहे ते काढत होते.’’

‘‘म्हणजे विद्युत मंडळात?’’

‘‘नाही. कागदावर.’’

‘‘तार कुठं होती?’’

‘‘तीही कागदावर. तिचे तुकडे करायचे.’’

‘‘कागदाचे?’’

‘‘तारेचे. पण खरे नाही. कल्पनेत.’’

डावीकडच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. उजवीकडचे भले वाटत होते, त्यांनी मदत करायला म्हणून विचारलं, ‘‘बरं, मग त्यात खरं असं काय होतं?’’

मी विचार केला. ‘‘चित्र,’’ मी म्हणाले. ‘‘चित्र खरं यायचं.’’

मग मधल्यांनी एक लांबलचक बेरीज दिली, ती मी तोंडी केली. त्यांनी ती दोनदा तपासली, जुळली. त्यांनी अर्ज पुढं ओढला, पेन उघडलं आणि जरा ओशाळून मला म्हणाले, ‘‘हे बघा, घेतो आम्ही तुम्हाला. फक्त इथं ‘पूर्वीचा अनुभव’ म्हणून रकाना आहे, तिथं ‘काही नाही’ असं लिहितो. नाहीतर वरचे लोक विचारत बसतील.’’

‘‘लिहा की,’’ मी म्हणाले.